अंगठ्याच्या बाजूला

ऐरोलीच्या ट्रेनिंगमध्ये खुर्च्या भिंतीला सारून
गावंडे मॅडम शिकवतात मनगट सोडवायला:
ओढू नका, ओढलं की पकड आवळते.
अंगठ्याच्या बाजूला वळवा. तिथे ती कच्ची असते.

मंगळसूत्र आत. ओळखपत्राची दोरी
झटक्यासरशी निसटेल अशी.
दार आपल्या जवळ, पण त्याची वाट अडवायची नाही.
आवाज त्याच्याहून एक पायरी खाली.

बावीस वर्षं मी हे सगळं उलटं करत आले.
कानाखाली बसली त्या रात्री
हातात सलाईनची बाटली होती,
ती पडू दिली नाही, एवढंच आठवतं.
नोंदवहीत कुणी लिहिलं नाही. मीही नाही.

"नातेवाईक कोण होतंय?"
सगळे हसले. वॉर्डबॉय हिराजी तरे उठला,
हसतच माझं मनगट धरलं.
"डाक्टर कवा येल? दोन घंटं झालं,
बापूस परलाय माजा—"
आणि तिथेच कुठेतरी
त्याचं हसू संपलं.

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.
मॅडम हळूच: "सिस्टर, अंगठ्याकडे—"
मला येत होतं. मी वळवलं नाही.
एक पायरी खाली उतरून विचारलं,
"नाव काय रे बाबांचं?"
"काथोड."
बोटं सुटली. पहिला अंगठा.

मग चहा, क्रीमची बिस्किटं,
'काय शिकलात?' असा एक कागद, तीन ओळींची जागा.
हिराजीने माझ्याकडे न बघता कप पुढे केला.
रात्रपाळीला निघताना मनगटावरचे वळ पाहिले
आणि घड्याळ दुसऱ्या हाताला बांधलं.