हातचा

तेमा बंदरातल्या मासळीच्या शीतगृहात
जमीन कधी कोरडी नसते.
एसिनाम रबरी चटई पसरते,
खटका पाडते, त्याला कुलूप घालते,
किल्ली गळ्यात अडकवते
आणि नवशिक्या एलिकेमला म्हणते,
आता ये.

पंप गप्प झालाय, तो म्हणतो.
गप्प झालाय एवढंच कळलं.
मेलाय का, ते विचार.

मीटर आधी शेजारच्या जित्या पेटीवर:
दोनशे तीस. म्हणजे हा खरं बोलतो.
मग या तारांवर: शून्य.
मग पुन्हा जित्या पेटीवर,
कारण मधल्यामधे मीटरच मेला
तर त्याचंही शून्यच येतं.

डावा हात खिशात ठेव.
दोन्ही गुंतले तर वाट छातीतून जाते.
हिशेबात हातचा धरतात,
इथे राखतात.

तिच्या उजव्या पंजाला करंगळी नाही.
एलिकेम तिकडे बघत नाही.
घाई होती, ती आपणच सांगते,
बर्फ वितळत होता.

आजही वितळतोय.
टोपल्यांखालून गुलाबी पाणी
गटाराकडे निघालंय,
मालकाचा फोन वाजतोय, वाजत राहतो.
किल्ली तिच्या गळ्यात.
ती शून्य
आणखी एकदा वाचते.