विषय क्रमांक चार

टाचण्या मी आता मोजून आणत नाही.
खाऱ्या वाऱ्यात महिन्याभरात गंजतात,
ठरावांच्या डोक्यावर तांबडे ठिपके उरतात,
कुणी वाचून खूण केल्यासारखे.
वाचत कुणी नाही.

बावीस वर्षं देवगडच्या या उपकेंद्रात
शिस्तपालन समितीची इतिवृत्तं लिहितोय.
'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'
हे तीन शब्द आदल्या दिवशीच टंकून ठेवतो.
सभेत फक्त चहा किती आले, तेवढं लिहायचं उरतं.

त्या मंगळवारी विषय क्रमांक चार:
विद्यार्थी आचारसंहिता, सुधारित मसुदा.
कलम अकरा. सायंकाळी सात ते सकाळी सहा
वसतिगृहाबाहेर, विशेषतः जेटीवर, आढळल्यास
पहिल्या वेळी समज,
दुसऱ्या वेळी पालकांना पत्र,
तिसऱ्या वेळी
आणि पुढे टिंबं.
ती टिंबं भरायला आम्ही बसलो होतो.

नऊ खुर्च्या सागवानी.
दहावी प्लास्टिकची, कँटीनमधून आणलेली,
तिच्यावर मयुरा भाबल, मत्स्यशास्त्र, दुसरं वर्ष.
हजेरीपटावर हुद्दा: निमंत्रित.
निमंत्रिताला मत नसतं.
तो नियमही मीच टंकलाय कधीतरी.

"विद्यार्थ्यांचं काही म्हणणं?"
कारखानीस सरांनी विचारलं
आणि उत्तराआधी पान उलटलं.

"आहे," ती म्हणाली.
"जर्नलात छापलंय, बांगड्याचे ताजे नमुने आणावेत.
लिलाव पहाटे चारला असतो, सर.
सहानंतर जो उरतो
त्याचे डोळे तुम्हीच वर्गात दाखवता,
शिळा कसा ओळखावा म्हणून."

मुकादम मॅडम हसल्या,
मग खोकल्या, हसू खोकल्यात मोडावं म्हणून.

"आणि हा नियम आम्ही पाळायचा,
तर लिहिताना आम्ही कुठे होतो?"

पंख्याचा आवाज अचानक मोठा झाला.
"सूचना नोंदवली जाईल," सर म्हणाले,
आणि नऊच्या नऊ जणांनी
माझ्या पेनाकडे बघितलं.

माझा बाप तांबळडेगला रापणीत होता.
संध्याकाळी वाळूवर वाटे पडत.
पोस्टाची पिशवी खाली ठेवून
ज्यानं चार हात दोर ओढला, त्या पोस्टमनचाही एक.
'जेचो हात दोरयेक, तेका वाटो.'
बाप हे अभिमानानं सांगायचा.
हे सांगायचा नाही, की जाळ्याच्या मालकाचा वाटा आधी निघे,
की दोन तारल्यांवरून भावाभावांत वर्षभर अबोला,
की आई टोपली घेऊन बाजूला उभी असे
आणि दोर तिच्या हाती कुणी दिला नाही.
तरी वाटे सगळ्यांसमोर पडत.
आदल्या रात्री पाडून ठेवलेले नसत.

घरी जायच्या आधी टंकलेलं पान काढलं.
नव्या पानावर लिहिलं:
कु. भाबल यांनी विचारले, नियम लिहिताना आम्ही कुठे होतो.
उत्तर देण्यात आले नाही.
एकमत झाले नाही.

पान परत आलं, शेवटच्या ओळीखाली
सरांच्या पेन्सिलची रेघ
आणि समासात एक प्रश्नचिन्ह.
मी स्वच्छ प्रत काढली, ओळ तशीच ठेवली.
समासात लिहिलं, टंकदोष नाही.
अक्षर जरा हललंय,
निवृत्तीला तीन वर्षं आहेत.

पुढच्या सभेची सूचना लावलीय.
विषय एक: मागील इतिवृत्त कायम करणे.
तिथं काय होईल, ठाऊक नाही.
मयुरा काल खिडकीशी आली होती,
निमंत्रित हा शब्द खोडायला अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा, विचारायला.
असा नमुना नाही म्हटलं.
"मग करा ना एक," म्हणाली, आणि बसली वाट बघत.

कँटीनचा वासू धुरी विचारतो,
ती खुर्ची परत कधी देताय?
गिऱ्हाईक उभं राहून चहा पितं.
बघू म्हटलं.
खरं तर ती नेताना
त्याची सही घ्यायची राहिलीय.