अकराचा डबा

वडगावात माग आठला सुरू होतात
आणि माझे हात अकरा-वीसला थरथरायला लागायचे.
घड्याळाची गरज नव्हती.
आधी कपाळावर घाम, तोही पंख्याखाली,
मग कांडीवरचा एक धागा दोन दिसायचा,
मग मी कुणावर तरी खेकसायची.
एकदा निंगव्वावर खेकसले.
ती म्हणाली, "हिच्या अंगात आलंय."
अंगात काही आलं नव्हतं.
अंगातून गेलं होतं.

त्या दिवशी संकष्टी.
सकाळपासून नुसता चहा,
आदल्या रात्री सगळ्यांचं झाल्यावर
उरलेल्या आमटीत अर्धी भाकरी.
(पातेल्याचा तळ वाचायला
आईनं मला अक्षरांच्या आधी शिकवलं.)
"काय पायजे ग?" निंगव्वा विचारत होती
आणि मला साखर हा शब्दच सापडेना.
तोंडातून आलं, "सक्करे."
तिनं चहावाल्याच्या बरणीतली साखर
माझ्या जिभेवर ठेवली, बोटांसकट.

मालकाचा मुलगा धावत जाऊन कुंदा घेऊन आला.
चांगला पोरगा आहे.
पण डॉक्टर हुक्केरी नंतर म्हणाले,
"कुंदा सावकाश उतरतो, त्यात दूध, तूप.
तुम्हाला त्या वेळी घाई असते.
साधी साखर, तीन चमचे, पाण्यात.
मग पंधरा मिनिटं थांबायचं.
मग खरं जेवण."
रक्त दोनदा तपासलं त्यांनी.
"साखरेचा आजार नाही तुम्हाला.
तुम्ही वेळेवर खात नाही, एवढंच सापडलंय."
एवढंच.

चिठ्ठी कन्नडमध्ये होती.
बसस्टॉपवर निंगव्वानं ती मला मराठीत वाचून दाखवली:
दर तीन तासांनी थोडं. नुसतं गोड नको.
मूग, अंडं, दही, शेंगा.
शेंगा दोन्हीकडे शेंगाच निघाल्या.

साखर खाणं सोपं.
ती पंधरा मिनिटं अवघड.
अंग ओरडतं, अजून दे, अजून,
बरणी समोर, आणि आपण
हात मांडीखाली घेऊन बसायचं,
धोटा इकडून तिकडे मोजत,
सापडलेले शब्द एकेक जागेवर ठेवत:
मंगळवार. छकडा. माझं नाव मालन.

त्याहून अवघड घरी.
सकाळी सातला, पहिली भाकरी तव्यावरून उतरली
की ती माझी.
परशराम आंघोळ करून दारात उभे राहिले,
"आमचं अजून व्हायचंय."
तोंडात घास होता म्हणून मी बोलले नाही.
घास नसता तरी बोलले नसते.
तिसऱ्या दिवशी त्यांनी पाट ओढला
आणि शेजारी बसले, ताट न मागता.
पाचव्या दिवशी ताट स्वतः घेतलं.
मी काही म्हटलं नाही,
म्हटलं असतं तर त्यांनी परत ठेवलं असतं.

गणपतीला सांगून टाकलं,
तुला एकवीस लागतात,
मला दोन घासांवरनं अडवू नकोस.
तो अडवत नव्हताच बहुतेक.

आता अकराला डबा उघडते.
नाचणीची अर्धी भाकरी, उकडलेलं अंडं,
शेंगांची चटणी, कधी मूग.
माग चालूच असतात,
डब्यावर बारीक सूत उडून बसतं,
फुंकर मारून खाते.
पहिले काही दिवस सगळ्यांकडे पाठ करून खाल्लं,
चोरी केल्यासारखं.

आज चार नंबरच्या मागावरची नवी पोर, मंजुळा,
एकच तुटका धागा तिसऱ्यांदा जोडत होती.
कपाळ ओलं.
"सकाळी काय खाल्लंस?"
ती हसली.
ते हसू मला चांगलं माहीत आहे,
मी ते वीस वर्षं वापरलंय.
आधी साखरेची पुडी फोडली.
डब्याचं झाकण तिच्या बाजूला ठेवलं, रिकामं,
आणि म्हटलं, थांब,
पंधरा मिनिटं. मी मोजते.