शून्य लांबीची रेघ

दिवाडीच्या कोमुनिदादीचं दफ्तर
मी कोष्टकांत बसवत होते.
गांवकार: एक चौकोन. त्याचा बाप
त्याच चौकोनातली दुसरी ओळ,
म्हणून रेघ बाहेर पडते, वळसा घेते,
परत घरी.

सेव्ह केलं, बंद केलं, उघडलं.
वळसा गायब.
सगळं बेट बिनबापाचं.

कळवलं: आवृत्ती, पायऱ्या,
काय व्हायला हवं होतं, काय झालं.
उत्तर: आमच्याकडे होत नाही.
(हे तर मामलेदारही म्हणतो.)

वाळवी लागलेली वही छातीशी धरून
लिओपोल्द मिनेझिस मागे उभे.
"म्हजो बापूय खंय गेलो गो?"
हसले. मला जमलं नाही.

चौथ्या रात्री दिसलं:
चौकोन कोपऱ्याला चिकटवला तरच जातं.
एवढंच पुन्हा लिहिलं, चित्रासकट.

मग तिकडून, कोणी इल्झे:
कोपऱ्यात दोन्ही टोकं एका बिंदूवर येतात,
शून्य लांबीची रेघ आम्ही कचरा समजून टाकत होतो.
ती अट काढली. माफ करा.

नव्या आवृत्तीत वळसा टिकला.
मिनेझिसनी पडद्यावर बोट फिरवलं,
काच पुसली, विचारलं:
आणि ज्याचा बाप वहीतच नाही?

रकाना रिकामा सोडता येतो, म्हटलं.
ती सोय पहिल्यापासून आहे.