हिरवं स्टूल

तो येणार म्हणून देवगुराडियाच्या पायथ्याला
जिथं पूर्वी कचऱ्याचा डोंगर होता
आणि आता नुसता डोंगर आहे,
चार दिवस टँकरनं पाणी घातलं.
गवतानं निगमचा मान राखला. उगवलं.

भोपाळहून कागद आला :
युवराजांशी आपण होऊन बोलू नये,
हात आधी पुढे करू नये,
हसावे, पण बेतानं.
बावीस वर्षं मी या केंद्रावर.
ओला, सुका, काच, चिंध्या
एवढंच सांगायचं होतं मला,
इंग्रजीतून, साडेचार मिनिटांत.

पोरगाच म्हणायचा. वीस-एकवीसचा.
मान उन्हानं लाल, कोटाला इस्त्रीची धार
आणि बूट असे की मंजूबाई कल्याणे
माझ्या कानाशी पुटपुटली,
"बाईसाब, ये तो सूखे में जाएगा."

फाटकाबाहेर अर्धं इंदूर.
शाळेच्या पोरांच्या हातात दोन-दोन झेंडे,
कुठला उजव्या हातात यावरून
दोन शिक्षिकांचं वाजलं.
लखननं पोह्यांना 'शाही' म्हटलं
आणि प्लेट पाच रुपयांनी चढवली, शेव तेवढीच.
एकजण पाटी घेऊन उभा :
कोहिनूर ओल्यात की सुक्यात?
पोलिसांनी पाटी नेली. माणूस राहू दिला.

कोरान्ने सर आले नाहीत.
आदल्या रात्री फोन मात्र केला :
"सत्तावन्न साली रेसिडेन्सीवर तोफा का डागल्या,
विचार त्याला."
मग जरा थांबून,
"आणि तो डावखुरा आहे म्हणतात, तेही बघून ठेव."

तीन मिनिटं झाली होती.
पट्ट्यावरून बाटल्या सरकत होत्या,
मी झाकणांविषयी बोलत होते,
तो माझ्याकडे झुकला आणि काहीतरी म्हणाला.

क्या बोला? क्या बोला, भिया?
आजवर विचारतात.

कुंदामावशीला सांगितलं,
म्हणाला, आमचं लंडन एवढं स्वच्छ नाही.
हळदीकुंकवाचं वाण लुटावं तसं
तिनं ते रामबागेत घरोघर लुटलं.
पेपरवाल्याला सांगितलं, नमस्ते म्हणाला.
कोरान्ने सरांना सांगितलं,
सर, विचारलं मी. त्यानं मान खाली घातली.
सर बराच वेळ गप्प.
मग "हं" म्हणाले
आणि फोन ठेवायला विसरले.
त्यांच्या घरातला पंखा ऐकत राहिले मी.

मान त्यानं खाली घातली होती, हे खोटं नाही.

म्हणाला होता, "इथं कुठं बसता येईल का? मिनिटभर."
ओठ चुन्यासारखे.
मी पायानंच स्टूल ओढलं,
हिरवं, प्लास्टिकचं, एक पाय तारेनं बांधलेला,
मंजूबाईचं, डबा खायचं.
तो बसला, डोकं गुडघ्यांत.
मंजूबाईनं आपली बाटली पुढं केली,
कुणी साहेब "नो, नो" करत धावला
तोवर अर्धी संपली होती.
कॅमेरे वळले तशी मी आडवी उभी राहिले.
अंगानं मी जाडी आहे.
सासरच्यांनी इतकी वर्षं काढलं ते
त्या दिवशी कामी आलं.

दुसऱ्या दिवशी छापून आलं :
राजपुत्राचा साधेपणा, स्टुलावर बैठक.
भेरूलालनं स्टूल धुतलं, कपाटात ठेवलं,
कुलूप घातलं, वर चिठ्ठी डकवली.
सराफ्यातला एक सेठ अकरा हजार देतो म्हणाला.
निगममध्ये फाइल उघडली : सदर स्टूल.

मंजूबाई तीन दिवस फरशीवर बसून जेवली.
गुडघे दुखतात तिचे.
चौथ्या दिवशी दीडच्या सुमाराला
भेरूलालसमोर हात पसरून उभी, किल्लीसाठी.
तो म्हणाला, वेडी आहेस का, त्यावर कोण बसलं होतं ठाऊक आहे ना?

"उसको तो चक्कर आया था," ती म्हणाली.
"मेरे को भूख लगी है."