अठ्ठावीस पॉइंट

लक्ष्मीपुरीत आमच्या प्रेसला तीन पायऱ्या.
चौथी आहे असं समजून अफरीन दरवेळी पाय उचलते
आणि हवेत ठेवते.
मग हसते. "मोजून ठेवलंतं की काका, परत चुकलं."

सातवीतली पोर. बापाचा केळ्यांचा गाडा.
पुस्तक नाकाला लावून वाचते,
नाकाच्या शेंड्यावर शाई,
आणि वर्गातली पोरं म्हणतात, भूगोल हुंगतीया बघ.

मगदूम बाईंनी तोच भूगोल माझ्यापुढं टाकला:
"हिच्यासाठी करा. हिच्यासारखे अजून अकरा आहेत.
कुणाला दिसत नाही,
कुणाला दिसतं, पण अक्षरं जागेवर थांबत नाहीत."

मी एकतीस वर्षं अक्षरं लावतोय.
लग्नपत्रिका, कुस्ती मैदानाची पोस्टरं, दूध संस्थेचे अहवाल.
बत्तीस पानांचं सोळात बसवणारा माणूस
अशी गल्लीत ओळख.
दोन ओळींमधून मुंगी जाऊ द्यायचो नाही,
आणि त्याचा अभिमान होता मला.

पहिलं पान केलं. अठ्ठावीस पॉइंट, ठळक.
मागं फिकट पन्हाळा टाकला, शोभेला.
गुळगुळीत आर्ट पेपर; लेकरांचं काम, कंजुषी नको.
अफरीननं पान तिरपं धरलं, सरळ धरलं,
दारात उजेडाला नेलं.
"नुसती ट्यूबलाइट दिसतीया काका.
अन् गडाच्या भिंतीत शब्द अडकल्यात."

दुसऱ्या पानावरून गड उतरवला.
कागद खरबरीत, पिवळसर.
दोन्ही कडा ताणून सरळ केल्या,
तालमीतली पोरं रांगेत उभी केल्यागत.
"शब्दांच्या मधी खड्डे पडल्यात.
मला वाटतं ओळ संपली, मी खाली उतरते,
अन् ओळ तिकडं पुढंच असती."

त्या संध्याकाळी पायऱ्यांच्या कडेला
पिवळा पट्टा ओढला.
पानाची उजवी कड मात्र सोडून दिली,
जिथं संपेल तिथं संपू दे.

तिसऱ्या पानावर ती बराच वेळ गप्प.
वाटलं, जमलं.
"दिसतंय सगळं," म्हणाली. "कळंना."

वाक्य असं होतं:
बाष्पयुक्त वाऱ्यांच्या मार्गात पर्वतरांगांचा अडथळा आल्याने
वाताभिमुख उतारावर अधिक पर्जन्य होऊन
वातविन्मुख बाजूस पर्जन्यछायेचा प्रदेश निर्माण होतो.

मी ते मण्यांसारखं ओवलं होतं, वाचलं नव्हतं.
एकतीस वर्षांत काय काय वाचलं नाही
ते मोजायला बसलो नाही, एवढंच.

बाई आणि मी दोन चहा गार केले.
शेवटी असं लिहिलं:

वारा समुद्राकडून येतो.
त्यात वाफ असते.
डोंगर आडवा येतो.
वारा वर चढतो, गार होतो.
गगनबावड्याला खूप पाऊस पडतो.
शिरोळला थोडाच उरतो.
अशा कमी पावसाच्या भागाला म्हणतात
पर्जन्यछाया.

"तो शब्द तेवढा राहू दे," बाई म्हणाल्या.
"परीक्षेत येतो.
आणि सुंदर आहे."

दौलत सुतार म्हणून एक आहे त्या अकरांत.
तो म्हणतो, घ आणि ध
एकमेकांचे सदरे घालून येतात.
त्याच्यासाठी काय करायचं, अजून सापडलेलं नाही.
टाइप बदलून बघतोय.

काल अफरीननं छापील पान वाचलं,
नाकापासून वीतभर लांब धरून, मोठ्यानं.
तिसऱ्या ओळीत थांबली.
"काका, डोंगरावरचं टिंब कुठाय?"

तीनदा प्रूफ तपासलं होतं मी.
अक्षर मोठं झालं की चूकही मोठी होते,
लपायला जागा उरत नाही तिला.
बारीक टायपात माझ्या कितीतरी चुका
अजून लोकांच्या लग्नपत्रिकांत
सुखानं नांदत असतील.

बारा प्रती छापून झाल्या होत्या.
तिच्या हातात काळं पेन दिलं.
बारा डोंगरांवर तिनं बारा टिंबं ठेवली,
एकेक, सावकाश.
एक जरा बाजूला पडलं.
राहू दिलं.