भिंतीला पाठ

दर गुरुवारी आरोग्य केंद्राची निळी गाडी येते
आणि दा-ऊन नावाची ती पोरगी
आम्हा सात जणींना सभागृहाच्या भिंतीशी उभं करते,
शाळेत उशिरा आलेल्या मुलींसारखं.

टाचा टेकवा. कुल्ले टेकवा. पाठ टेकवा. डोकं टेकवा.

माझ्या टाचा टेकतात.
डोकं आणि भिंत यांच्यामध्ये ती आपली मूठ ठेवते,
मग मुठीवर मूठ.
पहिल्या दिवशी चार भरल्या.

पाठ टेकवा, म्हणते.
पोरी, दिवसाउजेडी पाठ टेकवायला
मला कुणी शिकवलंच नाही.
सासू म्हणायची, उन्हं असताना जिची पाठ लागली
ती एकतर आजारी, नाहीतर आळशी.
मी दोन्ही नव्हते.

नामहेचा लसूण ऑक्टोबरात लावायचा, मे संपता उपटायचा.
येताना आणि जाताना
त्याला माणूस वाकलेलंच लागतं.
कमरेला फोमची गोल उशी बांधून
सरीतून सरीत मी बसत बसत सरकले,
अठ्ठावन्न वर्षं.
बेटाला दोनदा वळसा झाला असेल.

आता नातवाची जुनी बाबागाडी ढकलते.
नातू बुसानला क्रेन चालवतो.
गाडीत एक वीट, नाहीतर ती माझ्यापुढे पळते,
वर छत्री, कोयता, रक्तदाबाच्या गोळ्या.
गावातल्या बायका मी बुटांवरून ओळखते.
जांभळे रबरी ते ओक-ब्यॉनचे.
बसचा नंबर ड्रायव्हरला विचारते.

खांदे मागे. दोन फऱ्यांमध्ये अक्रोड धरलाय असं समजा.
ओक-ब्यॉन म्हणते, माझ्या पाठीत भोपळा मावेल, अक्रोड कुठला?
हनुवटी आत. आणखी आत.
सासूला हो म्हणताना घ्यायचो तशी,
असं मी म्हटलं, तेव्हा कुठे सगळ्यांना जमलं.

मी विचारलं, सरळ होईन का?
दा-ऊन खोटं बोलली नाही.
म्हणाली, मणके दबलेत ते दबलेच.
पण ज्या स्नायूंनी काम सोडलंय
त्यांना परत कामावर बोलावता येईल.
मला हे पटलं. मजूर परत बोलावणं मला येतं.
हाका मारायच्या, जेवण द्यायचं, रोज.

म्हणून घरी भाताचा कुकर लावला
की शिटी होईपर्यंत मी दाराला पाठ लावते.
माल-सून माझं नाव. म्हणजे शेवटची, आता पुरे मुली.
सबंध हिवाळा त्या दाराला
मी माझं नाव पाठीने सांगत होते.
मोहरी फुलली तेव्हा मुठी साडेतीन.

आणि परवा,
कुकर वाफ टाकत असताना,
समोरच्या भिंतीवर नजर नेहमीच्या खिळ्यापाशी थांबली नाही.
पुढे गेली.
चौकटीची कड. मग एक टाय. मग तो.

फोटो त्यानेच लावला होता, स्वतःच्या उंचीने.
नऊ वर्षं मी फडकं मारते ते खालच्या कडेला
आणि समजते, नवऱ्याचा फोटो पुसला.
टाय वाकडा आहे.
डाव्या कानापासून छतापर्यंत कोळ्याचं जाळं,
त्यात दोन माश्या, बऱ्याच जुन्या.
मला रडू आलं नाही, राग आला.
सुनेचा, कोळ्याचा,
एक शब्द न बोलता वर बसलेल्या त्याचा.

केरसुणी घेतली.
ती टायपर्यंतच पोचते.

काल दा-ऊनने मूठ लावली.
तीन, म्हणाली, आणि हे एवढंसं.
मी फोटोचं काही सांगितलं नाही.
सोमवारपासून लसूण उपटायचाय, एवढंच सांगितलं.
दोन आठवडे मी परत बुटांच्या गावात जाणार,
मुठी वाढतील, तिलाही माहीत आहे, मलाही.
ती काही तरी बोलायला लागली, उशी, विश्रांती, तासातासाने उभं राहणं.
मी म्हटलं, बरं बरं.
तू भिंत जागेवर ठेव.
मी येते.